हाजी अलीचे प्रवाळ आणि तिसऱ्या मजल्यावरचा फिश टँक

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री इशाच्या सुमारास आपाचा मोठा मुलगा आमच्या दारात उभा राहिला. "खाला, तुमच्याकडचे दोन मोठे टब आणि एक झाकणाचं पिंप रविवारपर्यंत हवंय." मला वाटले, त्यांच्या इमारतीत पुन्हा पाण्याची बोंब झाली असेल. पण त्याला पाणी भरून ठेवायचे नव्हते. दोन फुटांच्या फिश टँकमधला सगळा संसार नव्या मोठ्या टँकमध्ये न्यायचा होता, आणि रमजान लागायच्या आधी हे काम उरकायचे होते.

माझे विषय उर्दू आणि मराठी. विज्ञानाच्या तासाला मी कधी उभी राहिले नाही आणि या पानावर माशांबद्दल लिहायची वेळ येईल असेही वाटले नव्हते. पण पुढचे काही आठवडे मी त्या घरात जे पाहिले, त्यातले बरेचसे मला नवीन होते. ज्यांच्या घरी काचेच्या पेटीत दोन-चार मासे आहेत (आणि हल्ली बऱ्याच घरांत आहेत), त्यांच्या ते उपयोगी पडेल.

या भाच्याला माशांचे वेड लागले ते शाळेच्या सहलीत. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि २०१५ मध्ये नव्याने सजवून पुन्हा उघडले तेव्हा हा बारा वर्षांचा होता. डोक्यावरून मासे जाणाऱ्या काचेच्या बोगद्यात तो इतका वेळ थांबला की बाईंना त्याला शोधायला परत जावे लागले. ते मत्स्यालय आता बंद आहे. वेड मात्र राहिले. नोकरी लागल्यावर त्याने खाऱ्या पाण्याचा टँक घेतला. क्रॉफर्ड मार्केटहून पिशवीत मासा, सीएसएमटीहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी. तेव्हा दिघा गाव स्टेशन व्हायचे होते, ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. त्यामुळे ऐरोलीला उतरून पुन्हा रिक्षा. आपा म्हणते, "या पेटीत जेवढे पैसे गेले तेवढ्यात माझा उमरा झाला असता." दुल्हेभाई काही बोलत नाहीत, रात्री जेवल्यावर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात.

त्या दोन फुटांत काय होते ते सांगते. क्लाउन फिशची जोडी, जिला सगळी मुले 'नेमो' म्हणतात. एक निळा टँग, म्हणजे 'डोरी'. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक क्लीनर कोळंबी, शंखात राहणारे तीन खेकडे, काही गोगलगाई. मऊ प्रवाळांचे तीन प्रकार: मशरूम, बटणांच्या गालिच्यासारखे झोअँथिड आणि तळहाताएवढे एक लेदर कोरल. शिवाय दहा-बारा किलो दगड. सगळे मिळून सत्तर लिटर पाणी.

मोठा टँक हवा होता तो डोरीसाठी. तीन वर्षांपूर्वी आणली तेव्हा ती पाच रुपयांच्या नाण्याएवढी होती. हा मासा समुद्रात फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहत राहतो. दोन फुटांच्या काचेत ती एका टोकाला पोचायची, वळायची, पुन्हा वळायची. आमच्या शाळेतल्या बाकावर मावेनासा झालेला दहावीचा मुलगा पाय कुठे ठेवू असा बसतो, तसे मला तिच्याकडे पाहून वाटायचे. भाच्याने चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशा टँकची ऑर्डर द्यायचे ठरवले होते.

अडवले ते खालच्या मजल्यावरच्या चाचांनी. ते सेंट्रिंगचे काम करतात, आयुष्यभर स्लॅब ओतलेत. जिन्यात भाच्याला पाहून म्हणाले, "चार फुटी? माझ्या डोक्यावर?" मग वर आले, भिंतीवर हाताने ठोकून पाहिले, बीम कुठून जातो ते दाखवले आणि चहा पिता पिता हिशेब मांडला. चार गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे सोळा घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावते, म्हणजे साडेचारशे लिटर. खारे पाणी गोड्याहून थोडे जड, तेव्हा साडेचारशे किलोच्या वरच. काच, दगड, रेती, लोखंडी स्टँड धरून साडेसहाशे किलो. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो धरून करतात, आणि या टँकचे बूड एक चौरस मीटरसुद्धा नाही. "दहा माणसं एका कोपऱ्यात उभी करायची आणि दहा वर्षं हलू द्यायची नाहीत," चाचा म्हणाले.

दिघ्यात राहणाऱ्याला हे जास्त सांगावे लागत नाही. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, तेव्हापासून आमच्याकडे घराची भिंत, बीम, कागद हे शब्द जेवताना निघतात. त्या वर्षात माझ्या वर्गातली काही मुले मध्येच निघून गेली. कुणी मुंब्र्याला, कुणी कळव्याला, कुणी गावाला. एकीची उर्दूची वही माझ्या कपाटात राहून गेली ती अजून आहे. आपाची इमारत त्या यादीत नव्हती. पण ती कुणी, किती सळई घालून बांधली हे खात्रीने सांगणारा माणूस आज हजर नाही. अशा ठिकाणी वरच्याने आपल्या हौसेचे वजन खालच्याच्या छतावर ठेवायचे का, हा प्रश्न भाच्याने दोन दिवस घेतला आणि मग स्वतःच तीन फुटांवर आला: तीन बाय दीड बाय दीड, एकशे नव्वद लिटर, सगळे मिळून तीनशे किलो. तोही खोलीच्या मध्ये नाही, चाचांनी दाखवलेल्या बीमलगतच्या भिंतीशी. मोठा टँक घ्यायचा असेल आणि तुम्ही तळमजल्यावर नसाल, तर काच बघायला जाण्याआधी एखाद्या जाणत्याला घरी आणा आणि खालच्या घरच्यांना विचारा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी टँकच्या किमतीत धरा.

पण तीन फूट म्हणजे डोरीला पुरेसे नव्हते. तिला सहा फुटी टँक लागतो असे जाणकार सांगतात. ज्याच्यासाठी घर बांधायला घेतले तोच त्यात मावत नाही, असे झाले. आपाच्या धाकट्या मुलीला, नऊ वर्षांची आहे, हे सांगायचे काम माझ्यावर आले. ती म्हणाली, "मग तिला समुद्रात सोडू या. खाडी तर इथेच आहे." फार घरांत हाच विचार येतो, म्हणून सांगते: सोडू नका. हा मासा प्रवाळ असलेल्या स्वच्छ, उबदार समुद्रातला आहे. ठाण्याच्या खाडीचे गढूळ पाणी त्याला मानवणार नाही. आणि एखादा परका प्राणी तगलाच, तर तो आपले रोग घेऊन तिथल्यांत मिसळतो. अखेर मुंब्र्यातल्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात सहा फुटी टँक आहे, त्यांनी तिला घ्यायचे कबूल केले.

हे ठरत असतानाच भाचा बोलता बोलता म्हणाला, "हाजी अलीचे कोरल हलवले, त्यापेक्षा हे सोपं आहे खाला."

हाजी अलीला कोरल? दर्ग्याच्या त्या रस्त्यावरून मी किती वेळा गेले असेन. ओहोटी पाहून जायचे, भरती आली की अडकायचे, दोन्ही बाजूंना खडक, कचरा, कावळे. तिथे प्रवाळ आहे असे मला कुणी सांगितले नव्हते. मरजान हा शब्द मी मुलांना शिकवते, सूरह रहमानमध्ये मोत्यांच्या जोडीने तो येतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर नेहमी लांबचा एखादा निळा समुद्र असायचा. मुंबईचा नव्हे.

झाले असे की प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलापासून वरळीपर्यंत साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता करायला महापालिकेने समुद्रात भराव घालायला घेतला. २०१९ च्या जुलैत उच्च न्यायालयाने त्याची पर्यावरणाची परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे न्यायला मोकळीक दिली. या मार्गातच वरळी आणि हाजी अलीच्या खडकांतल्या पाण्याच्या डबक्यांत प्रवाळाच्या वसाहती सापडल्या. बारीक, खडकाला चिकटून असलेल्या, बेट किंवा भिंत न बांधणाऱ्या, मुंबईचा गाळ आणि पावसाळ्यातले गोडे पाणी सोसून राहिलेल्या. पण प्रवाळ ते प्रवाळच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला २००१ पासून जागा आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. वन विभागाची परवानगी घ्यावी लागली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले आणि २०२० च्या नोव्हेंबरात १८ वसाहती हलवल्या गेल्या. काही हाजी अलीलाच कामापासून बाजूला, बाकीच्या कुलाब्याला नेव्ही नगरजवळच्या गीता नगरच्या किनाऱ्यावर.

या सगळ्याचे क्षेत्रफळ ऐकून मी चकित झाले. वरळीचे पाव चौरस मीटर, हाजी अलीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही जोडले तरी एका जानमाजच्या अर्ध्यात मावेल. तेवढ्यासाठी एवढी धावपळ, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती जगल्या असे नंतर सांगितले गेले, ते चांगलेच झाले. पण त्या १८ मोजल्या गेल्या त्या कायद्याने मोजायला लावले म्हणून. त्याच खडकांवरचे शिंपले, खेकडे, समुद्रफुले, स्पंज भरावाखाली गेले, त्यांची गिनती कुणी ठेवली? 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हेच जीव दाखवतो. एकदा मुलांना घेऊन जरूर जा. गटारातून येणाऱ्या पाण्याच्या शेजारी कायकाय राहते ते पाहून मोठ्यांचीही बोलती बंद होते.

प्रवाळ कसे हलवतात हे भाच्याने मला समजावले, आणि तिथून मला त्याच्या टँकचे खरे काम कळले. प्रवाळ सोलून काढता येत नाही, त्याच्या बुडाचा दगड बरोबर न्यावा लागतो. आणि जिथे न्यायचे तिथले पाणी, ऊन, लाटांचा जोर आधीच्या जागेसारखा असावा लागतो. घरच्या टँकमध्येही तेच. लोक मासे हलवतात. हलवायचा असतो दगड.

हे असे आहे. मासा जे खातो त्याची घाण पाण्यात अमोनिया होते, आणि अमोनिया त्याच्यासाठी विष. टँकमधल्या दगडांच्या भोकांभोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते. नव्या कोऱ्या टँकमध्ये हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. हौशी माणूस दुकानातून टँक आणतो, त्याच दिवशी मासे सोडतो आणि आठवड्याने म्हणतो, "नजर लागली." नजर नाही, अमोनिया. हाच दगड उन्हात वाळवला, नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने किंवा साबणाने धुतला की जिवाणू मेले, आणि मोठ्या टँकमध्ये मासे गेले तरी घर बसलेले नसते. म्हणून जुना दगड एक क्षणही कोरडा न होऊ देता जुन्याच पाण्यात ठेवून न्यायचा.

रेतीचे मात्र उलटे. तीन वर्षांच्या रेतीच्या तळाशी हवा न पोचणारा घाणीचा थर बसतो, तो ढवळला की सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि विष पाण्यात येते. जुनी रेती भाच्याने टाकून दिली, वरवरची दोन मुठी स्वच्छ रेती तेवढी घेतली. नवी आणून धुतली, धुतली, धुतली. आपाच्या मोरीत तीन दिवस पांढरे पाणी वाहत होते.

माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "बाई, खाडीतून पाणी का नाही आणत? फुकट आहे." प्रश्न चोख होता. खाडीत गाळ आहे, दोन शहरांचे सांडपाणी आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची पिढ्यांची देणगी आहे, आणि पावसाळ्यात तिचा खारेपणा उतरतो. टँकला एकसारखे पाणी लागते: लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार, मोजणीच्या नळीवर १.०२५. म्हणून शुद्ध केलेले पाणी घ्यायचे आणि त्यात टँकसाठी मिळणारे खास मीठ विरघळवायचे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. हे पाणी आदल्या दिवशी करून चोवीस तास पंपाने फिरवत ठेवायचे. ताजे कालवलेले मिठाचे पाणी माशांच्या कल्ल्यांना झोंबते. भाच्याने एकशे वीस लिटर नवे पाणी केले, त्याला सव्वाचार किलोंवर मीठ लागले. साठ लिटर जुने राखायचे होते.

रविवारी फजर पढून मी माझे टब आणि पिंप घेऊन पोचले. घासून लख्ख केले होते, स्वतःवर खूश होते. भाच्याने एक टब नाकाशी नेला. "खाला, कशाने धुतलंत?" कपड्यांच्या पावडरीने. बिचारा रागावला नाही. हसून तिन्ही बाजूला ठेवले आणि आपाला पीठ-तांदळाचे डबे रिकामे करायला लावले. साबणाचा अंशही माशांना घातक, हे मला पन्नाशीला टेकताना कळले. आपाने मात्र दिवसभर मला ऐकवले.

त्याचा क्रम असा होता. आधी विजेची सगळी बटणे बंद, प्लग बाहेर. खारे पाणी आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नाही. टँकच्या वायरी प्लगपाशी येताना थोड्या खाली लोंबत्या ठेवायच्या, म्हणजे ओघळ बोर्डात न जाता जमिनीवर पडतो. मग वरवरचे स्वच्छ पाणी डब्यांत काढून घेतले. मग प्रवाळ, प्रत्येक प्रकार वेगळ्या डब्यात, कारण घाबरले की ते चिकट द्रव सोडतात आणि एकमेकांना त्रास देतात. मग दगड. मासे सगळ्यांत शेवटी. दगड असताना जाळी फिरवली तर मासे फटींत शिरतात आणि आपण टँकची वाट लावतो. दगड निघाल्यावर रिकाम्या पाण्यात क्लाउनची जोडी एका वाटीत अलगद आली. डोरीला जाळी लावलीच नाही. तिच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि हातही कापतो. तिला आइस्क्रीमच्या डब्यात घेतले. प्रत्येक डब्यात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण ती घरातल्या मुलांच्या जिवाची आहे. झोअँथिड, ती रंगीत बटणे, दिसायला सगळ्यांत गोजिरी. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. परदेशांत घरचा टँक साफ करताना असा दगड उकळत्या पाण्यात टाकला किंवा ब्रशने घासला, वाफ आणि तुषार नाकातोंडात गेले, आणि आख्खे कुटुंब रुग्णालयात गेले, असे प्रकार घडलेले आहेत. तेव्हा हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, हाताला जखम असेल तर हात लावायचाच नाही, आणि असा दगड कधीही उकळायचा, घासायचा किंवा उन्हात वाळत टाकायचा नाही. लहान मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत. आम्ही नऊ वर्षांच्या भाचीला चाचांकडे पाठवले, ती दर दहा मिनिटांनी "झालं का?" म्हणून वर येत होती.

नव्या टँकमध्ये पाणी, दगड, रेती गेले. तापमान दोन्हीकडे सव्वीस अंश. प्रवाळ आधी तळाशी ठेवले, कारण नवा दिवा जास्त प्रखर आणि प्रवाळालाही ऊन लागते. रोज थोडे थोडे वाढवायचे. सगळ्यांत नाजूक निघाली कोळंबी. तिच्या डब्यात बारीक नळीला गाठ मारून नव्या टँकचे पाणी थेंब थेंब सोडले, सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर. मासे जोहरच्या आसपास गेले. असरपर्यंत टँक इतका गढूळ होता की दुल्हेभाई म्हणाले, "यात मासे आहेत की नुसता पगार?"

डोरीला संध्याकाळी नेले. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, पिशवी बादलीत, बादलीवर काळे कापड. रिक्षात भाची मध्ये बसली, बादली दोन्ही पायांत धरून. डॉक्टरांच्या टँकमध्ये ती सुटली, खडकामागे गेली आणि दिसेनाशी झाली. भाची मुंब्र्याहून परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तपासणीच्या नळीतला रंग पिवळ्याचा हिरवट झाला. अमोनिया. भाच्याने नाइट शिफ्टहून येऊन न झोपता चाळीस लिटर पाणी बदलले, दोन दिवस माशांना जवळजवळ उपाशी ठेवले. मी विचारले, हा जुलूम नाही का? मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. तो म्हणाला, "खाला, आज खायला घातलं तर उद्या त्याच घाणीत गुदमरतील. दोन दिवसांनी मासा मरत नाही." तरी एक शंखखेकडा गेला, दोन गोगलगाईही. लेदर कोरल आक्रसून, मेणचट होऊन अकरा दिवस पडून होते. मी म्हटले, गेले. त्याने हात लावला नाही. बाराव्या दिवशी वरची जुनी कात गळाली आणि खालून बारीक तुरे बाहेर आले.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला या घराबद्दल लिहायला जड जाते. पहिल्या वर्षी भाच्याने एक टणक प्रवाळ घेतले होते. दुकानदार म्हणाला, "कल्चरचं आहे, बिल कशाला?" ते तीन आठवड्यांत मेले आणि त्याचा पांढरा सांगाडा आपाच्या शोकेसमध्ये कपबश्यांच्या शेजारी बसला. आपल्या किती घरांत असा तुकडा असतो! कुणी लक्षद्वीपहून आणलेला, कुणी आखातातून. जेद्दाच्या जुन्या वस्तीतली घरेच मुळी प्रवाळाच्या दगडाची आहेत, तेव्हा त्यात वावगे काही कुणाला वाटत नाही. पण आपल्या देशात टणक प्रवाळ समुद्रातून काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे, जिवंत असो की मेलेले. परदेशातून आलेल्यालाही कागद लागतात, आणि असे जिवंत प्राणी घरी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. भाच्याने त्यानंतर टणक प्रवाळ घेतले नाही. सांगाड्याचे काय करायचे ते वन विभागाकडे विचारून घे, असे मी त्याला म्हटले आहे. शोकेसमधली ती जागा सध्या रिकामी आहे आणि तुकडा कागदात गुंडाळून कपाटावर.

माशांच्या बाबतीत निदान निवड करता येते. क्लाउन फिश माणसाच्या हाताखाली अंडी घालतात, वाढतात. आमच्या पुढच्याच स्टेशनावर, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने त्यांची पैदास करायचे काम हाती घेतलेले आहे. डोरीचे तसे नाही. निळा टँग पहिल्यांदा बंदिस्त पाण्यात वाढवता आला तो २०१६ मध्ये, फ्लोरिडात. बाजारात येतात ते जवळजवळ सगळे समुद्रातून धरलेले. दुकानात जाल तेव्हा हा एक प्रश्न विचारा: पकडलेला की पैदास केलेला? आणि दुसरा: मोठा झाल्यावर केवढा होतो?

आता महिना होत आला. भाचीने डॉक्टरांकडे दात दाखवायला जायचे स्वतःहून ठरवले आहे, दातांना काहीही झालेले नसताना. जुना दोन फुटी टँक रिकामा पडलाय म्हणून मी तो शाळेसाठी मागितला, त्यात गप्पी मासे ठेवले असते, हेडसरांशी बोलणेही झाले होते. भाचा म्हणतो, मिळणार नाही, नव्या माशाला आधी महिनाभर वेगळे ठेवायला तो लागतो. माझे टब आणि पिंपही अजून त्याच्याकडेच आहेत. साबणाचा वास गेला की वापरीन म्हणतो.